विश्लेषण : रिसॉर्टचे तळे फुटले तर जबाबदार कोण? लहान खासगी मातीची धरणे कायद्याच्या नजरेतून का सुटतात?

ताडोबाचे मोहर्ली प्रवेशद्वार भद्रावती तालुक्यात आहे. व्याघ्र पर्यटनाबरोबर जंगलालगत रिसॉर्ट, होमस्टे आणि कृषी पर्यटन केंद्रे येतात. पाहुण्यांना पाणी आवडते. त्यामुळे आवारातल्या नाल्याला किंवा उताराला मातीची पाळ घालून तळे करावे, त्यात मासे सोडावेत, एखादी होडी ठेवावी, ही कल्पना कोणालाही सुचते. जेसीबी आणि मुरूम मिळाला की काही दिवसांत पाळ उभी राहते. पुढची अनेक वर्षे मात्र ती पाळ कोणी तपासत नाही. अशी पाळ हे प्रत्यक्षात एक धरणच असते आणि धरणाची जोखीम त्याच्या मालकापेक्षा खाली राहणाऱ्यांना अधिक असते. म्हणूनच तिच्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलायला हवा.

हा प्रश्न भद्रावतीत का महत्त्वाचा?

हा मुलूखच तलावांचा आहे. भद्रावती शहरातल्या डोलारा तलावात बेटाकडे जाणारा प्राचीन दगडी पूल आजही उभा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’ आहेत. गोंड राजवटीपासून गावोगावी मातीच्या पाळी घालून पाणी अडवले गेले आणि त्यावर धानाची शेती उभी राहिली.

या जुन्या तलावांना मालक होता आणि लाभधारकही होते. पाळ खचली तर धान बुडत असे. त्यामुळे मालगुजार आणि गावकरी दोघेही पावसाळ्याआधी डागडुजी करत. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली. लहान तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आणि मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले. देखभालीची जुनी घडी मोडली आणि गाळ, झुडपे, खचलेल्या पाळी यांच्या तक्रारी वाढल्या.

करमणुकीसाठी बांधलेल्या नव्या खासगी तळ्याची स्थिती याहून वेगळी आहे. त्याला मालक आहे, पण त्याच्या पाण्यावर कोणाचे पीक अवलंबून नाही. त्यामुळे पाळीवर लक्ष ठेवणारे गावही नाही. पाणी छान दिसते आहे ना, एवढाच निकष उरतो.

लहान तळ्यात असे किती पाणी असते?

एक हेक्टर, म्हणजे अडीच एकरांचे तळे घेऊ. सरासरी खोली तीन मीटर धरली तर त्यात ३० हजार घनमीटर, म्हणजे तीन कोटी लिटर पाणी मावते. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर हे तीन हजार टँकर झाले. पाळ फुटून हे पाणी अर्ध्या तासात बाहेर पडले तर सेकंदाला सरासरी १६ ते १७ हजार लिटरचा लोंढा नाल्यात उतरेल. नाल्याकाठची झोपडी, गोठा, रपटा किंवा त्या वेळी रपटा ओलांडणारा दुचाकीस्वार यांच्यासाठी हे धरण ‘लहान’ राहत नाही.

आता वरून येणारे पाणी पाहू. या तळ्याचे पाणलोट क्षेत्र एक चौरस किलोमीटर असेल आणि काही तासांत १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या क्षेत्रावर एक लाख घनमीटर पाणी कोसळते. त्यातले निम्मे जमिनीत मुरले तरी उरलेले ५० हजार घनमीटर पाणी तळ्याच्या एकूण साठ्यापेक्षा जास्त आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पावसाळ्यात असा दिवस अपवादात्मक म्हणता येत नाही. तळे आधीच काठोकाठ भरलेले असेल तर हे सारे पाणी सांडव्यावरूनच जायला हवे. सांडवा अपुरा पडला तर ते पाळीवरून जाते.

मातीचे धरण फुटते कसे?

मुख्य कारणे तीन. पहिले, पाणी माथ्यावरून वाहणे. काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी गेले तर ती काही काळ टिकू शकते. मातीची पाळ मात्र खालच्या उतारावरून कापली जाते. आधी एक घळ पडते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि मग काही मिनिटांत भगदाड होते.

दुसरे, पाळीच्या आतून पाणी वाहणे. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी पाझरते, त्यात गैर काही नाही. परंतु तो पाझर मातीचे कण सोबत नेऊ लागला की आत बारीक नळी तयार होते आणि ती रुंदावत जाते. अभियंते याला ‘पायपिंग’ म्हणतात. घुशींची बिळे, खेकड्यांची भोके, वारुळे, कुजलेली मुळे आणि पाळीतून नेलेला पाइप या तिच्या आवडत्या वाटा आहेत.

तिसरे, उतार घसरणे. तीव्र उताराची, न दाबलेली किंवा सतत ओली राहिलेली माती खाली सरकते. तळे अचानक रिकामे केले तर आतल्या बाजूचा उतारही ढासळू शकतो, कारण मातीत मुरलेले पाणी तितक्या वेगाने बाहेर पडत नाही.

नीट बांधलेल्या धरणात मधोमध चिकण मातीचा गाभा, बाहेर मुरमाचे आवरण, पायाखाली खोदलेला चर, पाण्याकडच्या बाजूला दगडी पिचिंग आणि पायथ्याशी पाझर वाहून नेणारी गाळणी असते. प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबलेला असतो. जेसीबीने माती ओढून केलेल्या ढिगात यातले बहुतेक काही नसते. हिरवळ लावली की मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

करमणुकीच्या तळ्याचा धोका वेगळा कसा?

जगातल्या सर्वांत भीषण धरणफुटींपैकी एक करमणुकीच्या खासगी धरणाचीच आहे. अमेरिकेत पेनसिल्वेनिया राज्यातले साउथ फोर्क हे मातीचे धरण मुळात कालव्याला पाणी देण्यासाठी बांधलेले होते. पुढे ते श्रीमंतांच्या मासेमारी आणि शिकार क्लबच्या ताब्यात आले. अँड्र्यू कार्नेगी यांच्यासारखे उद्योगपती त्याचे सभासद होते. पाणी खाली सोडणारे लोखंडी पाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते क्लबने पुन्हा बसवले नाहीत. घोडागाड्या जाव्यात म्हणून पाळीचा माथा खाली घेतला गेला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या गेल्या. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन शहरासह खोऱ्यातले २,२०९ लोक मृत्युमुखी पडले. क्लबला न्यायालयात जबाबदार ठरवता आले नाही.

या तिन्ही चुका आजही कोणत्याही तळ्यावर सहज घडू शकतात. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी किंवा वाळूची पोती लावली जातात. होडी चालावी म्हणून तळे सतत भरलेले ठेवले जाते, त्यामुळे पुरासाठी जागा उरत नाही. शोभेसाठी पाळीवर झाडे आणि फरसबंद वाट केली जाते, मग आतला पाझर दिसत नाही. पाणी खाली सोडण्यासाठी तुडूम किंवा झडप नसते, असली तरी ती गंजलेली असते.

दुसरे उदाहरण आकाराने आपल्या तळ्यांच्या अधिक जवळचे आहे. जॉर्जिया राज्यातले केली बार्न्स धरण १९५७ पर्यंत वीजनिर्मितीसाठी वापरात होते. त्यानंतर ते एका शिक्षणसंस्थेचे केवळ विरंगुळ्याचे तळे झाले. उंची सुमारे साडेअकरा मीटर, पाळीवर वाढलेली झाडी आणि नियमित तपासणी नाही. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी पहाटेपूर्वी ते फुटले आणि खालच्या वसाहतीत झोपलेल्यांसह ३९ जणांचा बळी गेला. तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांनी त्यानंतर धोक्याच्या जागी असलेल्या बिगरसरकारी धरणांच्या तपासणीचे आदेश दिले. सुमारे नऊ हजार धरणे तपासली गेली. त्यातली जवळपास एक तृतीयांश असुरक्षित निघाली आणि सर्वांत मोठा दोष होता अपुरा सांडवा.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

२ जुलै २०१९च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि २० हून अधिक जणांनी प्राण गमावले. ते सरकारी धरण होते. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. खेकड्यांनी धरण पोखरले, या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांच्या विधानावर राज्यभर टीका झाली. खेकडे पाळ पोखरतात हे खरेच. पण ती भोके वेळेवर बुजवणे आणि गळतीचा माग काढणे हेच तर देखभालीचे काम आहे. दोष खेकड्यावर टाकला की माणसाची जबाबदारी नाहीशी होत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यालाही हे नवे नाही. जुलै २०२४च्या मुसळधार पावसात चंद्रपूर तालुक्यातल्या चिचपल्लीतील तलावाची पाळ फुटून पाणी गावातल्या घरांत शिरले. तलाव गावाला लागून असला तर इशारा द्यायला फारसा वेळ मिळत नाही.

धरण सुरक्षा कायदा इथे लागू होतो का?

बहुतेक लहान तळ्यांना नाही. संसदेने २०२१ मध्ये केलेला धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. उंची १० ते १५ मीटर असेल तर आणखी अटी आहेत : माथ्याची लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला किमान दोन हजार घनमीटर. पाया विशेष अवघड असेल किंवा रचना असाधारण असेल तरीही धरण कायद्याखाली येते. दहा मीटरच्या आतले धरण मात्र त्यात येतच नाही.

कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या धरणाच्या मालकावर, तो खासगी असला तरी, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी, नोंदी आणि आपत्कालीन कृती आराखडा यांचे बंधन आहे. आदेश न पाळल्यास एक वर्षापर्यंत आणि त्यातून जीवितहानी झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

गोम इथेच आहे. ३९ बळी घेणारे केली बार्न्स धरण आज भारतात असते, तर उंची, लांबी आणि साठा या निकषांवर ते कायद्याबाहेर राहिले असते. आपले निकष धरणाचा आकार मोजतात, खाली कोण राहते हे पाहत नाहीत. अमेरिकेत धरणाची धोक्याची श्रेणी ते फुटले तर खाली काय होईल यावर ठरते. इंग्लंडच्या जलाशय कायद्यात नोंदणीची मर्यादा २५ हजार घनमीटर आहे, तर वेल्समध्ये ती दहा हजारांवर आणली गेली. म्हणजे वरच्या उदाहरणातले एक हेक्टरचे तळे, जमिनीच्या वर पाणी अडवत असेल तर, तिथे नोंदवावे लागले असते.

भारतात अशा जलसाठ्यांची मोजदाद झालेलीच नाही असे नाही. केंद्रीय जलशक्ती मंत्रालयाने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पहिल्या जलसाठा गणनेत देशात २४ लाखांहून अधिक जलसाठे आढळले आणि त्यातले निम्म्याहून अधिक खासगी मालकीचे आहेत. त्या गणनेत साठे मोजले गेले. त्यांच्या पाळी सुरक्षित आहेत का, हा त्या गणनेचा विषय नव्हता.

मग मालक मोकळा सुटतो का?

मुळीच नाही. १८६८ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ खटल्यात एक तत्त्व मांडले : धोकादायक गोष्ट आपल्या जमिनीवर आणून साठवणाऱ्याने ती बाहेर पडून झालेले नुकसान भरून द्यावे, निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी. तो खटला गिरणीमालकाच्या खासगी तलावाचे पाणी शेजारच्या कोळसा खाणीत शिरल्याचा होता. कोळसा खाणींच्या भद्रावती-वरोरा पट्ट्यात हा तपशील विशेष लक्षात ठेवावा असा आहे.

भारतातून गेलेल्या १८७४च्या ‘मद्रास रेल्वे कंपनी विरुद्ध कार्वेटनगरचे जमीनदार’ खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मात्र हे तत्त्व सिंचन तलावांना लावले नाही. तलाव राखणे हे जमीनदाराचे परंपरागत कर्तव्य आहे आणि त्यावर लोकांचे जगणे अवलंबून आहे, असे कारण दिले गेले. ही सवलत लोकोपयोगासाठी होती. पाहुण्यांच्या नौकाविहारासाठी तळे करणाऱ्याला तिचा आधार घेणे अवघड जाईल.

प्रशासनाकडेही आज अधिकार आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कोसळून लोकांना इजा होण्याची शक्यता असलेले बांधकाम दुरुस्त करण्याचा किंवा हटवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरण धोका टाळण्यासाठी पावले उचलू शकते. खासगी व्यक्तीच्या मालकीचे नसलेले नाले आणि त्यांतले वाहते पाणी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार शासनाचे आहे. त्यामुळे ‘माझ्या जमिनीतून जाणारा नाला, मी वाटेल तसा अडवीन’ हा दावाही टिकणारा नाही.

मालकाने पावसाळ्याआधी काय पाहावे?

- सांडवा : जाळी, पोती, झुडपे, गाळ काढून टाकावा. सांडव्याचे पाणी पाळीच्या पायथ्याला न कापता दूर नाल्यात जाते का, हे पाहावे.
- माथा : तो सर्वत्र एका पातळीत आहे का? पाणी आधी सर्वांत खोलगट जागेवरून चढते.
- खालचा उतार आणि पायथा : कोरड्या दिवसांत एकाच जागी दाट हिरवे गवत किंवा चिखल दिसला तर तो पाझर समजावा.
- पाझराचा रंग : स्वच्छ पाणी असेल तर बादली भरायला लागणारा वेळ मोजून तारखेसह लिहून ठेवावा. पाणी गढूळ झाले किंवा वाढले तर आतली माती वाहते आहे. त्याच दिवशी अभियंत्याला बोलवावे.
- भेगा आणि बिळे : माथ्याला समांतर भेग म्हणजे उतार घसरण्याची चाहूल. बिळे नुसती तोंडाशी बुजवून भागत नाही, ती खोदून, माती दाबून भरावी लागतात.
- झाडे : बाभूळ, पळस, बेशरम यांची रोपे लहान असतानाच काढावीत. मोठे झाड मात्र परस्पर तोडू नये. खाली राहिलेली मुळे कुजली की पाण्याला वाट मिळते.
- तुडूम किंवा झडप : ती उघडून, बंद करून पाहावी. तळे रिकामे करायचे झाल्यास हळूहळू करावे.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा खर्च नाही. पाळीवर पायी फिरणारा एक माणूस आणि एक वही लागते.

शेतकऱ्यांवर नवा परवाना लादावा का?

ही शंका रास्त आहे. राज्यात शेततळ्यांना सरकारनेच प्रोत्साहन दिले आहे आणि प्रत्येक तळ्यामागे परवाना लावला तर त्रास लहान शेतकऱ्यालाच होईल. पण इथे एक साधा फरक करता येतो. जमिनीत खड्डा खोदून साठवलेले पाणी पाळ फुटून वाहून जाण्याचा प्रश्न नसतो. धोका आहे तो जमिनीच्या पातळीच्या वर, पाळीच्या आधाराने उभ्या असलेल्या पाण्याचा. त्यातही खालच्या बाजूला घर, शाळा, रस्ता किंवा रपटा असेल तेव्हाच.

या दोन्ही अटी पूर्ण करणाऱ्या तळ्यांचीच यादी करावी. ती तलाठी आणि ग्रामसेवक गावफेरीत करू शकतात. मालकाचे नाव, पाळीची अंदाजे उंची, सांडवा आहे की नाही आणि खाली किती घरे, या चार नोंदी पुरेशा आहेत. यादीतल्या तळ्यांची मे महिन्यात जलसंधारण किंवा पाटबंधारे विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी व्हावी. व्यावसायिक पर्यटनासाठी वापरल्या जाणाऱ्या तळ्याचा खर्च मालकाने उचलावा आणि पर्यटन नोंदणी किंवा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला देताना हा अहवाल मागावा. सुरुवात भद्रावतीसारख्या एका तालुक्यातून करता येईल.

वेळेवर कळले तर काय करता येते?

ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात कारम नदीवरच्या बांधकामाधीन मातीच्या धरणातून गळती सुरू झाली. प्रशासनाने खालची १८ गावे रिकामी केली आणि यंत्रे लावून बाजूने चर खोदून पाणी सोडले. बांधकामाच्या दर्जावर प्रश्न उठले, पण जीव वाचले. गळती दिसली, ती लपवली गेली नाही आणि पाण्याला वाट करून दिली गेली, म्हणून हे शक्य झाले.

लहान खासगी तळ्याच्या बाबतीत गळती बहुधा आधी दिसते ती रखवालदाराला, गुराख्याला किंवा खालच्या शेतकऱ्याला. गढूळ पाझर, नवी भेग किंवा माथ्याकडे चढणारे पाणी दिसले तर त्यांनी कोणाला फोन करायचा, हे पाळीजवळच्या फलकावर लिहिलेले असले पाहिजे : मालक, सरपंच, तहसील कार्यालय आणि ११२. खालच्या घरांपर्यंत निरोप कोण नेणार, हेही आधीच ठरलेले हवे. धरण रात्री आणि मुसळधार पावसातही फुटू शकते, तेव्हा नेटवर्कचा भरवसा नसतो.

तलावांच्या या मुलखाला पाणी अडवायला कोणी शिकवण्याची गरज नाही. पाळ घालणाऱ्याने ती राखायचीही असते, हा जुना नियम नव्या तळ्यांना लावण्याची तेवढी गरज आहे. त्यासाठी संसदेच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही. पुढचा पावसाळा येण्यापूर्वी ग्रामसभेत एक प्रश्न विचारता येईल : आपल्या गावाच्या वरच्या अंगाला कोणी पाणी अडवले आहे आणि त्याचा सांडवा मोकळा आहे का?